शेवंतीची कैफियत

आमचे एक वयोवृद्ध स्नेही आहेत, ज्यांच्या व्यासंगाविषयी मला आदर आणि ज्यांच्या मोत्यांसारख्या अक्षराविषयी मला थोडा मत्सर वाटत आला आहे. त्यांनी गेल्या महिन्यात मला चार पानांचे एक पत्र लिहिले. आणि ते माझ्या हाती पडण्यापूर्वीच शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आम्हा निवृत्त मंडळींच्या बैठकीत, चहा निवेपर्यंत, मोठ्याने वाचूनही दाखवले. पत्राचा विषय होता माझ्या नातीची लांब केसांची गिनीपिग आणि तिचे केस विंचरण्याची माझी रीत. खाजगी पत्राला खाजगी उत्तर पुरे झाले असते. परंतु ज्या आरोपाचा जाहीर पुकारा झाला त्याची कैफियतही जाहीरच दाखल झाली पाहिजे, हा दंडक ज्यांनी उभी हयात महसूल खात्याची दप्तरे तपासण्यात घालवली त्यांना तरी मी समजावून सांगावा लागू नये.

त्यांचे म्हणणे, मला साधेल तितक्या प्रामाणिकपणे सांगायचे तर, असे आहे: जनावर ते जनावर, त्याला एकदा पक्का हात दाखवावा, शनिवारी सकाळी मांडीवर घट्ट धरून नखे, केस, स्नान असा सगळा कारभार एका बैठकीत उरकावा, आणि पुढच्या शनिवारपर्यंत मोकळे सोडावे. ते धडपडू लागले तर उताणे करावे. उताणे केले की ते निपचित पडते, आणि निपचित पडले ह्याचा अर्थ त्याची काही तक्रार उरली नाही. आपल्या आज्यांनी नातींची डोकी गुडघ्यांत धरून हेच केले आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या सुकेशिनी निपजल्या. मी जे करते, म्हणजे रोज तीन मिनिटे बसणे, एका वेळी एकच बाजू घेणे, मध्येच थांबणे आणि सर्वांत अक्षम्य म्हणजे कात्री लावणे, ते अमेरिकेत राहून अंगी जडलेले लाड होत. आणि इतके लाड ज्याचे करायचे तो प्राणी तरी काय, तर शेवटी उंदीरच.

वादाचा विषय असलेल्या ह्या प्राण्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे. शेवंती पेरुव्हियन जातीची आहे. वजन ९०० ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे मध्यम आकाराच्या पपईइतके. पाठीच्या मधोमध भांग पडून दोन्ही अंगांनी केस जमिनीपर्यंत ओघळतात, आणि कपाळावरची झुलपे डोळ्यांवरून खाली येतात. त्यामुळे ती स्वस्थ बसलेली असताना तोंड कोणते आणि पाठ कोणती हे नवख्या माणसाला कोथिंबिरीची काडी पुढे धरल्याशिवाय कळत नाही. केस महिन्याला सुमारे अडीच सेंटिमीटर वाढतात आणि वाढतच राहतात. ज्या कुटुंबाकडून ती आमच्याकडे आली त्यांना दुसऱ्या राज्यात जावे लागले. येताना तिने आबोली नावाची आखूड केसांची सोबतीण आणि पोटाखाली नारळाच्या शेंडीसारखा घट्ट झालेला एक गुंता असा दुहेरी ऐवज बरोबर आणला.

आता कबुली देते. ह्या वादात मी तटस्थ पंच नाही. पहिले तीन महिने मी स्नेह्यांच्याच मताची अंमलबजावणी करीत होते, आणि तीही त्यांचे पत्र येण्याच्या कितीतरी आधी. शनिवारी सकाळी पिंजऱ्यात वरून हात घालायचा, ती पळाली की कोपऱ्यात गाठायची, टॉवेलात गुंडाळून मांडीवर दाबून धरायची आणि कंगवा चालवायचा. ती आधी किंचाळे, मग धडपडे, आणि मग एकाएकी सैल पडे. त्या क्षणी मी नातीला म्हणाले होते, "बघ, कशी शहाण्यासारखी बसली." नातीने काही उत्तर दिले नाही, ती अकरा वर्षांची आहे आणि एका वहीत शेवंतीच्या लेंड्यांची रोजची मोजदाद ठेवते, ही सवय तिला पशुवैद्यांनी लावली आहे. काही आठवड्यांनी तिने ती वही माझ्यापुढे ठेवली. दर शनिवारी आणि रविवारी आकडा निम्म्यावर आलेला होता. ज्या प्राण्याचे आतडे सतत चालते राहिले तरच तो जगतो, ज्याने एक दिवस गवत सोडले तरी वैद्याला धावपळ करावी लागते, त्याच्या बाबतीत ह्या आकड्यांचा अर्थ काय होतो हे सांगायला व्यासंगाची आवश्यकता नाही. शिवाय तोवर असे झाले होते की ज्या ड्रॉवरमध्ये कंगवा ठेवलेला असे तो ड्रॉवर, मग चमचा काढायला का होईना, उघडला की शेवंती घरट्यात शिरून दिसेनाशी होई. 'सवय होईल' असे स्नेही लिहितात. सवय झालीच होती. ती ड्रॉवरला भिण्याची झाली होती.

निपचितपणावर त्यांच्या साऱ्या युक्तिवादाची इमारत उभी असल्यामुळे तिच्या पायापाशी थोडे अधिक थांबावे लागेल. इ. स. १६४६ मध्ये अथानासियस किर्खर नावाच्या जेझुइट पंडिताने एका कोंबडीचे पाय बांधून तिला जमिनीवर आडवे केले, तिच्या डोळ्यांपुढे खडूची एक रेघ ओढली, आणि नंतर पाय सोडले तरी ती कोंबडी जागची हलेना, ही गोष्ट 'अद्भुत प्रयोग' म्हणून आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली. त्याची समजूत अशी की ती बिचारी खडूच्या रेघेलाच दोरी मानून बसली आहे. पुढे दीर्घ काळ ह्या प्रकाराला प्राण्यांचे संमोहन म्हणत राहिले, आणि संमोहन हा शब्द एकदा लागला की त्यामागून विश्रांती आणि समाधान हे शब्द बोलावल्यावाचूनच येऊन बसतात. आजचे शरीरशास्त्र तसे म्हणत नाही. भक्षकाच्या तावडीत सापडलेल्या दुबळ्या जिवापाशी पळणे, किंचाळणे आणि चावणे हे सारे संपल्यावर जो एक डाव शिल्लक राहतो तो हा: अंग टाकून द्यायचे, कारण धडपडणाऱ्या भक्ष्यावरची पकड आवळली जाते आणि निश्चेष्ट पडलेल्यावरची कधी कधी क्षणभर सैल होते. ब्राझीलमधील रिबेरांव प्रेतो येथील प्रयोगशाळांत ह्याच गिनीपिगना लाकडी पन्हळीत झटकन उताणे करून त्यांच्या निश्चेष्टतेचे सेकंद मोजण्यात आले आहेत, आणि ते संशोधन भयाच्या व संरक्षणाच्या मज्जाकेंद्रांविषयीचे आहे. सशांच्या बाबतीत तर इंग्लंडातील ॲन मॅकब्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली नेमका हाच प्रश्न घेतला, की उताणा पडलेला ससा सुखावलेला असतो की भ्यालेला. आणि त्याच्या शरीराने व वर्तनाने दिलेला जबाब भीतीच्या बाजूचा निघाला.

स्नेह्यांनी ज्या सरकारची नोकरी केली त्याच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे स्पष्ट कलम होते. कायदा करणाऱ्या इंग्रजांना भारतीय माणसाचे फार प्रेम होते असे नाही; पण ज्याच्या हाती दंडा आहे त्याच्यापुढची कबुली दंड्याची असते, एवढे तरी त्यांना कळत होते. मग मांडीवर उताण्या पाडलेल्या, ९०० ग्रॅम वजनाच्या, छातीवर माणसाचा पंजा असलेल्या शेवंतीचे मौन तिची संमती म्हणून कोणत्या कलमाखाली दाखल करून घ्यायचे? माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी किती शांत स्वभावाची आहे हे माझ्या सासरी चारचौघांत कौतुकाने सांगितले जात असे. त्याचा तपशील येथे अप्रस्तुत आहे.

निपचितपणा आणि निवांतपणा ह्यांतला भेद ओळखणे तितकेसे अवघडही नाही, फक्त डोळा हातावरून काढून जनावरावर ठेवावा लागतो. निवांत गिनीपिग चारा खाते, पाय पसरते, अंगाखाली पोट सैल सोडून बसते. भ्यालेलीचे डोळे बाहेर येतात, अंग ताठ किंवा अवास्तव सैल होते, आणि ती खात नाही. मधल्या पायऱ्या त्याहून महत्त्वाच्या आहेत: पाठीला हात लागताच डोके वरच्या वर झटकणे, कातडी थरथरवणे, घशातून एक आखूड 'डर्र' काढणे, दात कटकट वाजवणे. ही तिची फिर्याद होय, आणि ती प्रथम ह्याच सौम्य भाषेत नोंदवली जाते. तिथे सुनावणी झाली नाही तर किंकाळी येते आणि तिथेही झाली नाही तर मौन. म्हणून माझी रुजुवात साधी आहे. कंगवा फिरत असताना समोर कोथिंबिरीची काडी असते. ती खात असेल तर पुढे जायचे. चघळणे थांबले की माझा हातही थांबतो. ही काडी लाच आहे असे पत्रात म्हटले आहे. असेल, पण लाच घेणाऱ्याला नाही म्हणण्याची तरी मोकळीक असते.

आता आज्यांकडे वळते, आणि येथे मात्र मला स्नेह्यांच्या अधिकारावरच हरकत घ्यावी लागते, कारण ज्या डोक्यावरून आयुष्यात कधी फणी फिरली नाही त्याने फणीची ग्वाही द्यावी हे ऐकीव पुराव्यात मोडते. माझे बालपण वाईला गेले. आमच्या ओटीवर रोज तिन्हीसांजेच्या आधी आजी आम्हा चार नातींना ओळीने बसवून वेण्या घाली, आणि होय, डोके गुडघ्यांत धरी. परंतु त्या गुडघ्यांच्या पलीकडचे काही स्नेह्यांना दिसलेले नाही. पहिली गोष्ट, हे रोज होई. शनिवारची वाट पाहून सहा दिवसांचा गुंता साचू देणारी आजी मला तरी माहीत नाही. दुसरी, आजी फणीला आधी हातच लावीत नसे. पत्रात कंगवा आणि फणी हे शब्द एकमेकांच्या जागी आले आहेत, ह्यावरूनच कळते की लिहिणारा पुरुष आहे: फणी उवांसाठी, बारीक दातांची आणि सर्वांत शेवटची, तिच्या आधी मोठ्या दातांचा कंगवा, आणि त्याच्याही आधी खोबरेल तेलाची बोटे. गुंता आला की आजी केस मुळापाशी डाव्या मुठीत धरी, म्हणजे ओढ डोक्याला न बसता मुठीला बसे, आणि टोकांकडून सुरुवात करून बोटाबोटाने वर येई. मुळापासून खाली कंगवा ओढण्याचे काम घाईत असलेल्या काकू करीत, आणि त्यांच्या हाताखाली बसायला कोणी तयार नसे. तिसरी गोष्ट, आम्ही "आई गं" म्हणू शकत होतो, आणि म्हटल्यावर आजी थांबे. तेवढ्या वेळात ती गोष्टीतला राक्षस एक पाऊल पुढे आणून ठेवी.

शेवंतीच्या बाबतीत मी ह्याहून वेगळे काही करीत नाही, फक्त गुडघे वगळते. मुलीला ठाऊक असते की हे गुडघे आजीचे आहेत. शेवंतीच्या रक्तात अँडीज पर्वतातल्या पूर्वजांपासून जे ज्ञान आले आहे ते एवढेच की वरून येते ती घार आणि मागून पकडतो तो कोल्हा. म्हणून वरून हात न घालता कापडी बोगदा पिंजऱ्यात ठेवायचा, तिला आपल्या पायांनी आत जाऊ द्यायचे आणि बोगद्यासकट उचलायचे. जमिनीवर, न घसरणाऱ्या जाड टॉवेलावर बसवायचे, आणि शेजारी आबोलीला. आबोलीचे काही करायचे नसते, तरी ती हवी. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साख्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की अनोळखी जागी एकट्या सोडलेल्या गिनीपिगच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचे द्रव्य वाढते आणि जिच्याशी जवळीक आहे अशी सोबत असेल तर ती वाढ पुष्कळ कमी होते. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या आपल्या प्राणिसंरक्षण नियमांत गिनीपिगला एकटे ठेवण्यास मनाईच केली. शेवंतीची डावी बाजू सोमवारी, उजवी मंगळवारी, आणि जिचा तिला सर्वाधिक राग आहे ती मागची बाजू बुधवारी, तीही अगदी शेवटी. नखे पुढच्या प्रत्येक पायाला चार आणि मागच्या प्रत्येक पायाला तीन, म्हणजे एकंदर १४ असतात. दिवसाला दोन कापली की आठवड्यात ती पुरी होतात आणि पुढे महिनाभर तिकडे पाहावे लागत नाही. स्नेह्यांच्या एका बैठकीतल्या कारभारापेक्षा ह्यात एकूण मिनिटे जास्त जातात असे नाही; मी घड्याळ लावून पाहिले आहे.

पत्रात मराठ्यांच्या पागेचाही दाखला आहे: खरारा करताना मोतद्दार घोड्याची परवानगी विचारीत होता काय? विचारीत होता. घोड्याच्या नजरेत येईल अशा अंगाने जवळ जाणे, आधी बोलणे, मग मानेवर हात ठेवणे, आणि मागे वळसा घालताना तो हात अंगावरून न उचलणे, ही परवानगी विचारण्याचीच भाषा आहे. ती न बोलणाऱ्या मोतद्दाराला लाथ खाऊन ती शिकावी लागते. गिनीपिगला लाथ मारता येत नाही, एवढ्यावरून ती विचारण्याची गरज उरत नाही असा निष्कर्ष काढणे पागेच्या परंपरेला शोभणारे नव्हे.

मात्र पक्क्या हाताविषयी स्नेह्यांचे अर्धे म्हणणे मी मंजूर करते. थरथरता, धरू की सोडू अशा विवंचनेतला हात जनावराला दाबणाऱ्या हाताइतकाच भिववतो. एक तळवा छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली निःशंक असावा, नाहीतर ती उंचावरून उडी टाकते आणि पाय मोडून घेते. आणि असेही प्रसंग येतात जिथे रोजची तीन मिनिटे कामाची नसतात. उन्हाळ्यात मागचे केस मुताने भिजून राहिले तर त्यांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात कातडीत किडे होतात. अशा वेळी तिची मर्जी विचारायला मुदत नसते. कातडीला चिकटलेला जाड गुंता घरच्या कात्रीने काढू नये, कारण ओढलेली कातडी गुंत्याबरोबर वर येते आणि कात्रीला दोन्ही सारखेच. शेवंतीच्या पोटाखालची ती शेंडी अखेरीस पशुवैद्यांनीच, तिला गुंगीचे औषध देऊन, उतरवली.

राहिला केसांच्या वैभवाचा प्रश्न, आणि ह्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण कात्रीचा उल्लेख करताना पत्रातले अक्षरसुद्धा क्षणभर बिघडले आहे. हे वैभव कोणाचे? गिनीपिगची रानातली पूर्वज कॅव्हिया आखूड, राठ, मातकट केसांची असते. हार्वर्डचे विल्यम कॅसल ह्यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले की गिनीपिगमध्ये आखूड केस प्रभावी आणि लांब केस अप्रभावी असतात. म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही तो गुण आल्यावाचून लांब केस दिसत नाहीत, आणि माणसाने निवडून निवडून जोड्या लावल्या नसत्या तर ते असे झालरीसारखे जमिनीवर लोळलेही नसते. कॅसल ह्यांचेच शिष्य स्यूअल राइट पुढे १९२६ पासून जवळजवळ तीन दशके शिकागो विद्यापीठात, म्हणजे आमच्या ह्या गावापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, गिनीपिगच्या केसांच्या रंगांचा आणि आनुवंशिकतेचा हिशेब मांडीत बसले होते. (राइट विचारात इतके बुडत की काखेतल्या गिनीपिगनेच फळा पुसत, ही विद्यार्थ्यांची आख्यायिका स्नेह्यांनी पत्रात मोठ्या चवीने सांगितली आहे, आख्यायिकाच ती, पण तीतली गिनीपिगही निपचित पडून असते हे ध्यानात घ्यावे.) तेव्हा ज्या केसांची निगा शेवंतीला स्वतःला राखता येत नाही, ज्यांच्यापायी तिला समोरची काडी दिसत नाही आणि जुलैच्या उकाड्यात ती जमिनीला पोट लावून धापा टाकते, ते तिचे वैभव नसून आमची हौस आहे, आणि हौसेचा खर्च तिच्या खात्यावर टाकण्याची वहिवाट मला मान्य नाही.

गंमत अशी की ज्यांना हे वैभव खरोखरीच हवे असते ते स्नेह्यांची शनिवारची पद्धत एक आठवडाही चालू देणार नाहीत. अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन ही संस्था गिनीपिगच्या १३ जातींना मान्यता देते. त्यांतल्या पेरुव्हियनला प्रदर्शनात मांडणारे लोक पिल्लू लहान असल्यापासून केसांची बट बट कागदात किंवा कापडात पातळ लाकडी पट्टीसह गुंडाळून वर बांधतात आणि ती बंडले दिवसाआड सोडून, विंचरून, पुन्हा बांधतात. एवढी पराकाष्ठा करायची तयारी असेल तर लांब केस राखावेत. नसेल तर कापावेत. ह्या दोहोंमध्ये तिसरी एक वाट आहे, तिच्यात केस लांब राहतात आणि विंचरणे आठवड्यातून एकदा होते. त्या वाटेच्या शेवटी पशुवैद्याचे गुंगीचे औषध असते.

शेवंतीचे केस मी दोन महिन्यांनी कापते. बोथट टोकाची कात्री, विजेचे यंत्र नाही. आपल्या कानाला २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो, गिनीपिगला सुमारे ५० हजारांपर्यंतचा, आणि ते यंत्र तिच्या कानाशी काय काय बोलत असेल हे आपल्याला ऐकूही येत नाही. आधी मागची झालर आखूड करायची, मग पोटालगतची, बाजूंचे केस जमिनीपासून दोन बोटे वर ठेवायचे, आणि कपाळावरची झुलपे डोळ्यांच्या वर. कातडी आणि कात्री ह्यांच्या मध्ये नेहमी कंगव्याचे दात असावेत. हे सारे तीन-चार दिवसांत वाटून होते, म्हणून मधल्या काळात ती विचित्र दिसते, आणि आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना तिची एक बाजू दुसरीपेक्षा बरीच जुनी वाटते.

स्नानाचे थोडक्यात सांगते. दर आठवड्याला स्नान घालणे म्हणजे तिच्या कातडीचे तेल काढून घेऊन तिला सर्दीच्या वाटेला लावणे होय. मागची बाजू मळली तर तेवढीच, कोमट आणि उथळ पाण्यात; शेपटीच्या जागी जी तेलकट ग्रंथी असते तिथे बोटभर खोबरेल लावून पाच मिनिटांनी पुसावे. ड्रायर कदापि नाही. आमच्या गावच्या जानेवारीत, जेव्हा बाहेर डुपेज नदीचे काठ गोठतात आणि घरात फर्नेसची हवा कातडी सोलून काढते, तेव्हा कोरड्या केसांत प्लास्टिकचा कंगवा घातला की ठिणगी उडते आणि आठवड्याची मेहनत त्या एका चटक्यात वाया जाते. म्हणून कंगवा धातूचा, आणि हात किंचित ओला.

एक शक्यता पत्रात कुठेच विचारात घेतलेली नाही, आणि तीच मला सर्वांत चिंतेची वाटते. 'चिडखोर', 'नाटकी' अशी विशेषणे ज्या गिनीपिगला लावली आहेत तिला दुखत असेल तर? क जीवनसत्त्व माणसाप्रमाणेच ह्या प्राण्यालाही शरीरात तयार करता येत नाही. ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख ह्या नॉर्वेजियन संशोधकांनी १९०७ साली गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवले तेव्हा त्यांना दर्यावर्दी माणसांसारखाच स्कर्व्ही झाला, आणि त्या वाटेनेच पुढे ते जीवनसत्त्व सापडले. स्कर्व्ही झालेल्या गिनीपिगचे सांधे सुजतात आणि उचलताना ती किंचाळते. दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व तिला लागते. ढोबळ्या मिरचीच्या चार फोडी त्या कामी पुऱ्या पडतात, आणि महिनोन्‌महिने उघडी पडलेली खाद्याची पिशवी पडत नाही. कातडीत शिरणाऱ्या खरजेच्या किडीने तर नुसत्या स्पर्शाने झटके येऊ शकतात. तेव्हा हात लावताच ओरडणाऱ्या जनावराला पक्का हात दाखवण्यापूर्वी वैद्याला दाखवावे.

आणि 'शेवटी उंदीरच' ह्या शेऱ्याविषयी. अमेरिकेने १९६६ साली प्रयोगशाळांतल्या प्राण्यांसाठी जो पहिला संघराज्यीय कायदा केला त्यात उंदराचे नाव नव्हते, गिनीपिगचे मात्र कुत्रा, मांजर, माकड, ससा आणि हॅमस्टर ह्यांच्या पंक्तीत होते. परंतु एका मराठी माणसाने दुसऱ्याला कायदा दाखवावा हे बरे नव्हे. मी परळ दाखवते. वाल्देमार हाफकिन ह्यांनी पॅरिसात पटकीची लस सिद्ध केली ती तो जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात नेत नेत तयार केलेल्या वाणावर; आणि तेच हाफकिन १८९६ साली प्लेगच्या मुंबईत आले, १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. स्नेह्यांचे पणजोबा प्लेगातून बचावले ही हकीकत आमच्या बैठकीत मी त्यांच्याच तोंडून दोनदा ऐकली आहे. पणजोबांनी लस टोचून घेतली होती की ते माळावरच्या झोपडीत राहायला गेले होते, हे त्यांनी सांगितले नाही. टोचून घेतली असेल तर शेवंतीच्या कुळाचे त्यांच्याकडे काही देणे निघते.

गेल्या रविवारी उजव्या बाजूची कात्री झाली, डावी अजून बाकी आहे. ड्रॉवर मी बदललेला नाही, मुद्दामच; तो उघडला की आता आबोली आधी बाहेर येते आणि तिच्यामागून, दोन-तीन क्षण थांबून, शेवंती. स्नेह्यांना माझे निमंत्रण आहे की त्यांनी येत्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, चारा टाकल्यानंतर, यावे, जमिनीवर बसावे आणि काडी धरावी. कंगवा मी धरीन. पार्सली आणू नये, तीत कॅल्शियम फार. कोथिंबीर आणावी, धुऊन, आणि देठांसकट.